रोजची भाकर: विश्वासात नव्याने पाऊल टाकणाऱ्यांसाठी

बुधवारी संध्याकाळी आमच्या घरी आठ-दहा माणसे प्रार्थनेला जमतात. दर वर्षी त्यांत दोन-तीन नवे चेहरे येतात. कुणी मैत्रिणीचा हात धरून आलेली असते. कुणाच्या आजारपणात शेजारणीने उशाशी बसून प्रार्थना केलेली असते. कुणी जन्माने ख्रिस्तीच, पण तीस वर्षे नाताळापुरते देवळात गेलेले. ओळख झाली, चहा झाला की प्रश्न बहुतेक एकच येतो: “ताई, रविवारी सगळं पटतं. सोमवारी करायचं काय?”

सोमवारी नळाला पाणी सव्वासहाला येते, डबे भरायचे असतात, एसटी चुकवून चालत नाही. उपदेशात ऐकलेले त्या धांदलीत कुठे ठेवायचे, हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही. जुन्यांना वाटते, ते आपोआप कळते. तसे ते कळत नाही, म्हणून इतकी वर्षे तोंडी सांगत आले ते इथे लिहून काढते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती आजची. जुन्या करारात, निर्गमच्या १६ व्या अध्यायात, रानातल्या इस्राएल लोकांना देव मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारे अन्न, देतो, तोही त्या त्या दिवसापुरता. ज्यांनी उद्यासाठी साठवून ठेवला, त्यांच्या मान्नात किडे पडले. फक्त विसाव्याच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. भाकरी थापणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. विश्वासाचेही असेच आहे. शिबिरात तीन दिवस रडून, हात उंचावून गायलेले पुढे तीन महिने पुरत नाही. थोडे घ्या, पण रोज घ्या.

वेळ आणि जागा

पंधरा मिनिटे ठरवा. तासभर ठरवू नका. पहिल्या आठवड्यात तास होतो, दुसऱ्यात अर्धा, तिसऱ्या आठवड्यात वही कपाटात जाते. हे मी फार वेळा पाहिले आहे.

नव्या करारात मार्कने लिहिलेल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, पहिल्याच अध्यायाच्या ३५ व्या वचनात येशू अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. त्यामुळे पहाट उत्तम, असे आपण म्हणतो. मला स्वतःला पहाटच मानवते. पण रात्रपाळी करून सकाळी सातला घरी येणाऱ्या माणसाने पहाटेचा हट्ट धरला, तर तो देवासमोर झोपेल. तसे झाले तरी लाज वाटू नये. गेथशेमाने बागेत शिष्यही झोपलेच होते आणि प्रभूने त्यांना देहाची अशक्तता ओळखूनच उत्तर दिले. तरी शक्यतो जागेपणीची वेळ निवडा. आमच्यातली एक बाई गॅस पेटवण्याआधी ओट्याशी स्टूल ओढून बसते. एक कंडक्टर डेपोत गाडी लागेपर्यंतची दहा मिनिटे वापरतो. एका खोलीत सहा माणसे राहत असतील, तर जिन्याची पायरीही चालते.

जागा मात्र एकच असू द्या. शरीराला सवय लागली की मन मागोमाग येते. फोनवर वाचत असाल तर नेट बंद करून वाचा. आणि एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई करू नका. कालची भाकर काल गेली, आजची खा.

वाचन: कुठून सुरू करावे

नवा माणूस बायबल हातात घेतो आणि पहिल्या पानापासून सुरू करतो. उत्पत्ती रंगते, निर्गमचा पहिला अर्धा भाग रंगतो, मग निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापे येतात आणि पुढे नियमांचे पुस्तक लेवीय. तिथे बहुतेकांची गाडी थांबते. मीही एकोणिसाव्या वर्षी तिथेच थांबले आणि आपल्यालाच विश्वास नाही असे समजून वर्षभर बायबल उघडले नाही. दोष माझ्या विश्वासाचा नव्हता. बायबल हे एक पुस्तक नसून पुस्तकांचे कपाट आहे, हे मला कुणी सांगितले नव्हते. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक बायबलात ७३. कपाटातले कोणते आधी काढायचे, एवढेच ठरवायचे आहे.

मार्क आधी काढा. चार शुभवर्तमानांतले ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचे. त्यात लांब भाषणे कमी आहेत आणि येशू सतत चालतो आहे, कुणाला हात लावतो आहे, कुणाच्या घरी जेवतो आहे. ‘लगेच’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. रोज अर्धा अध्याय घेतला तर महिन्याभरात संपते. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र घ्या. चार अध्यायांचे हे पत्र प्रेषित पौलाने कैदेतून लिहिले आणि तरी ते आनंदाविषयी आहे. मग याकोबाचे पत्र घ्या, ते अगदी रोकठोक आहे: जीभ, पैसा, गरिबाशी वागणूक. मग योहानाचे शुभवर्तमान. स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलातली गीते, मात्र पहिल्या दिवसापासून सोबत असू द्या, तिच्याबद्दल पुढे प्रार्थनेच्या भागात सांगते.

भाषांतराबद्दल वाद घालत बसू नका. मंडळीत जे वाचले जाते ते घ्या, म्हणजे रविवारी ऐकलेले आणि घरी वाचलेले जुळते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेवटची अनेक वर्षे बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालवली. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी ते केले आणि साध्या बायकांना कळावे म्हणून केले. १९२२ साली त्या गेल्या, तेव्हा काम नुकतेच हातावेगळे झाले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा भाषांतराचा पुरस्कार मिळाला. जुन्या भाषांतरातला एखादा शब्द अडला तर ते जवळ असलेले बरे. वाचता येत नसेल किंवा डोळे दुखत असतील, तर मोबाईलवर मराठी बायबल ऐकायचीही सोय आहे. शास्त्र ऐकणे हे वाचण्याहून कमी नाही. पहिल्या काही शतकांतले बहुतेक विश्वासणारे ऐकणारेच होते.

आता वाचायचे कसे? मोठ्याने वाचा, निदान ओठ हलवून. एकदा सलग आणि मग सावकाश. त्यानंतर तीन प्रश्न विचारा. येशू इथे काय करतो आहे? यातल्या कोणत्या माणसाच्या जागी मी उभी आहे? आणि आज, दिवस मावळायच्या आत, मला यातले काय करता येईल?

मार्कचा दुसरा अध्याय घेऊ. गालील प्रांतातल्या कफर्णहूम गावात घर माणसांनी भरले आहे. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून आणतात, दारातून वाट मिळत नाही, म्हणून वर चढून छप्पर उकरतात आणि खाट खाली सोडतात. शहरातल्या पोरांना हे चित्र उभे राहत नाही, स्लॅब कसा उकरणार? आमच्याकडच्या म्हाताऱ्या मात्र लगेच समजतात, कारण त्यांचे बालपण धाब्याच्या घरात गेले. लाकडांवर माती चोपलेले छप्पर, वर जायला जिना किंवा शिडी. पावसाळ्यात पांढरी माती टाकायला त्या स्वतः वर चढत. गालीलातली घरे साधारण तशीच होती. एका बुधवारी हा भाग वाचून झाल्यावर एक जण म्हणाली, “मला वाटायचं मी खाटेवरची. पण आज मी त्या चौघांतली आहे.” घरी जाऊन तिने दोन वर्षे न बोललेल्या आजारी नणंदेला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात घेऊन गेली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे असावे लागते, नाव असलेले आणि आजच्या तारखेचे.

साधी शाळेची वही ठेवा. रोज तारीख, भाग आणि दोन ओळी, यापेक्षा जास्त नको. न कळलेल्या वचनासमोर प्रश्नचिन्ह काढून पुढे जा. वर्षाने मागे पाहिले तर त्यातली बरीच प्रश्नचिन्हे विरघळलेली असतील. काही तशीच राहतील, माझी आहेत.

प्रार्थना: घरातल्या भाषेत

नव्या माणसाची सर्वांत मोठी अडचण इथे असते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. मंडळीतले वडीलधारे प्रार्थना करतात ती ग्रंथातल्या मराठीत असते: “हे परमपवित्र, दयासंपन्न स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होऊन...” ती त्यांच्या तोंडी खरी असते, पन्नास वर्षांत ती त्यांची झालेली असते. नवा माणूस तीच उसनी घेतो आणि अडखळतो. शब्द जुळवण्यात मन गुंतते, मनातले मनातच राहते. मग तो म्हणतो, “मला प्रार्थना येत नाही.”

तुम्हाला बोलता येते ना? मग प्रार्थना येते. मालवणीत करा, अहिराणीत करा, वऱ्हाडीत करा. “देवबापा, पगार अजून झाला नाही. घरमालक उद्या येणार. मला भीती वाटते आणि धाकट्या भावाचा रागही येतो, कारण त्याने पैसे परत दिले नाहीत.” ही पूर्ण प्रार्थना आहे. मराठीत एक फार गोड गोष्ट आहे. आपल्यातल्या बऱ्याच घरांत वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात, पण देवबापाला आपण सगळे ‘तू’ म्हणतो, आईला म्हणतो तसे. ती जवळीक वापरा. आणि कुणाच्या घरात बाप दारू पिऊन मारणारा असेल, ‘बाप’ म्हटले की अंगावर काटा येत असेल, तर तिने त्या शब्दाशी लगेच झगडू नये. २३ वे स्तोत्र परमेश्वराला मेंढपाळ म्हणते. तिथून सुरू करावे. बापाचा खरा अर्थ पुढे हळूहळू उलगडतो.

तरीही एक चौकट लागते, नाहीतर रोजची प्रार्थना मागण्यांची यादी होते. चौकट प्रभूनेच दिली आहे, मत्तय ६ मध्ये. ती पाठ करा आणि पाठ म्हणून झाली की एकेका वाक्यापाशी थांबून आपले शब्द घाला. ‘तुझे नाव पवित्र मानिले जावो’ म्हटल्यावर आज कशाबद्दल त्याचे आभार मानायचे ते बोला. ‘तुझी इच्छा’ म्हटल्यावर ज्या बाबतीत आपलेच खरे करायचे आहे ती बाब उघडपणे सांगा. भाकरीपाशी पोटाच्या, नोकरीच्या, औषधाच्या गोष्टी येतात. लक्षात घ्या, तिथे ‘माझी’ नाही, ‘आमची’ भाकर आहे. शेजारच्या घरात चूल पेटली नसेल तर ती प्रार्थना अर्धीच झाली.

मग क्षमेचे वाक्य येते आणि तिथे बहुतेकांचा आवाज खाली जातो. मत्तय १८ मध्ये येशूने दोन ऋणकऱ्यांची गोष्ट सांगितली. एकाला राजाने दहा हजार तालांतांचे कर्ज सोडले आणि त्याने बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शंभर दिवसांची मजुरी ही काही लहान रक्कम नव्हे! आपल्याला झालेली इजा क्षुल्लक आहे, असे प्रभू कुठेच म्हणत नाही. एका तालांताला सुमारे सहा हजार दिनार होत, तेव्हा आपल्याला सुटलेले कर्ज किती जन्मांत फिटले असते, याचा हिशेब तो मांडतो. क्षमा एका दिवसात होत नाही. रोज त्या माणसाचे नाव घ्या, एवढे करा. आणि हेही स्पष्ट सांगते: मारहाण करणाऱ्या नवऱ्याला क्षमा करणे म्हणजे त्याच घरात परत मार खायला जाणे नव्हे. तसे कुणी देवाच्या नावाने सांगत असेल तर त्याचे ऐकू नका. मदत घ्या, पोलिसांची लागली तरी घ्या.

स्तोत्रे इथे कामाला येतात. स्वतःचे शब्द संपले की त्यांचे घ्या. आनंदात १०३ वे, पापाची टोचणी लागली की ५१ वे, भीतीत २७ वे. १३ वे स्तोत्र तर ‘किती काळ?’ असे चारदा विचारते. देवाला असे विचारता येते, हे नव्या माणसाला माहीत नसते. ११७ वे दोनच वचनांचे आहे, बस सुटायच्या घाईतही म्हणता येते.

रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे दिवसाकडे मागे वळून पाहा. कुठे देव जवळ वाटला, कुठे मी कुणाला दुखावले. दुखावले असेल तर सकाळी जाऊन बोला. जक्कय या जकातदाराच्या घरी येशू गेला तेव्हा जक्कयाने नुसते डोळे पुसले नाहीत, फसवून घेतलेले चौपट परत देईन म्हणाला. पश्चात्तापाला असा हिशेब असतो.

गाणे

घरात एक तरी गीत रोज होऊ द्या. मराठी ख्रिस्ती माणसाला याची उणीव नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. बायबलच्या वचनाला आमच्याकडची जुनी माणसे अजून ‘ओवी’च म्हणतात, ते ऐकले की मला फार बरे वाटते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते म्हणत. त्यांची पदे ‘उपासना संगीत’ उघडले की पानोपानी भेटतात. सूर लागत नसेल तरी म्हणा. उपदेश विसरतो, पद विसरत नाही. दवाखान्यात रात्रभर जागताना मला कधी उपदेश आठवला नाही, आईने दळताना म्हटलेले भजन आठवले.

मंडळी

एकट्याने विश्वास टिकवता येईल असे काहींना वाटते. निखारा चुलीबाहेर काढून ठेवला तर काय होते ते आपण रोज पाहतो.

पहिल्या रविवारी थोडे लवकर जा. काही गावांत चपला दाराबाहेर काढतात, इतरांकडे पाहून करा. उठायचे कधी, बसायचे कधी हे कळले नाही तरी कुणी हसत नाही. दानाची थैली फिरते, त्यात पैसे टाकणे तुमच्यावर बंधनकारक नाही. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला देतात. बाप्तिस्मा झाला नसेल तर जागेवर शांत बसून प्रार्थना करा आणि नंतर पाळकांना त्याचा अर्थ विचारा. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या उपासनेत, ख्रिस्तप्रसादाच्या वेळीही तसेच. वसईकडे संध्याकाळी घराघरांतून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणतात. तुमची ओळख तिकडची असेल तर तीच तुमची कुटुंबप्रार्थना समजा, दुसऱ्याची नक्कल करायला नको.

मंडळी कशी ओळखावी? शास्त्र उघडून शिकवतात का, पैशाचा हिशेब सर्वांसमोर ठेवतात का, पाळकसाहेबांना प्रश्न विचारता येतो का, कामवाली बाई आणि बँकेतले साहेब एकाच बाकावर बसतात का, ते पाहा. आमच्या ओळखीतल्या एका मधुमेही बाईंना एका प्रचारकाने सांगितले की विश्वास असेल तर गोळ्या बंद करा. त्यांनी केल्या आणि पाय गमावला. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौलाने कलस्सैकरांस पत्रात ‘प्रिय वैद्य’ म्हटले आहे. प्रार्थनाही करा आणि गोळीही घ्या. औषध बंद करायला सांगणाऱ्या किंवा बरे करण्याचे पैसे मागणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका.

घरचे ख्रिस्ती नसतील तर

घाई करू नका आणि भांडू नका. घरात नवा विश्वास सांगायचा पहिला मार्ग म्हणजे भांडी घासणे, आईचे पाय चेपणे, भावाशी खोटे न बोलणे. “ताई, आरतीला उभी राहू का? प्रसाद घेऊ का?” असे मुली विचारतात. पहिल्या शतकात करिंथच्या मंडळीलाही मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचा हाच पेच होता. पौलाने १ करिंथकरांसच्या ८ व्या आणि १० व्या अध्यायांत त्यावर सविस्तर लिहिले आहे आणि रोमकरांस १४ मध्येही सोबत्याच्या विवेकाबद्दल सांगितले आहे. ते तिन्ही अध्याय पाळकांसोबत बसून वाचा आणि आपल्या विवेकाने ठरवा. मी कुणाला हुकूम देत नाही. पण आईचा हात झिडकारून कुणाचा विश्वास वाढल्याचे मी पाहिलेले नाही.

बाप्तिस्म्यासाठीही कुणी ढकलत असेल तर थांबा. लक्ष्मीबाई टिळकांच्या नवऱ्याने, म्हणजे वर सांगितलेल्या नारायण वामन टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचे जग कोसळले होते. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. मधली पाच वर्षे त्या भांडल्या, रडल्या, सोवळे सांभाळले आणि एकेक गाठ स्वतः सोडवत आल्या. म्हणूनच त्यांचा विश्वास पुढे कुणाला हलवता आला नाही.

कोरडे दिवस

येतील. सहा महिन्यांनी, वर्षाने, एक दिवस वाचलेले अक्षर नुसते अक्षर वाटेल, प्रार्थना छताला लागून परत येईल. नवा माणूस इथे घाबरतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पुढे त्यांनी स्वतः लिहिले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे गेली. इतकी विद्वान, इतकी प्रामाणिक बाई, आणि आठ वर्षे! तुमचे आठ महिने झाले असतील तर धीर धरा.

अशा दिवसांत पंधरा मिनिटांची दहा करा, पण जागा सोडू नका. एक स्तोत्र वाचा आणि गप्प बसा. मार्कच्या नवव्या अध्यायातला तो आजारी मुलाचा बाप एकाच श्वासात विश्वास आहे म्हणतो आणि माझा अविश्वास घालव म्हणतो. येशूने त्याला परत पाठवले नाही. मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तो फक्त आत्मिक कोरडेपणा समजू नका. जवळच्या माणसाला आजच सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

उपवास आणि दान यांबद्दल फार लिहीत नाही. दोन्ही गुप्तपणे करा, मत्तय ६ मध्ये तसे सांगितलेच आहे. मधुमेह असेल, पोटात बाळ असेल तर जेवणाचा उपवास नको, फोनचा किंवा मालिकेचा करा. दानाची सवय लहान रकमेने लावा. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. आपल्या घरात ज्वारीचा डबा आहे, तिथून सुरुवात होऊ शकते.

आज रात्री झोपण्यापूर्वी बायबल, वही आणि पेन त्या ठरलेल्या जागी ठेवून द्या. सकाळी मार्कचा पहिला अध्याय, पहिली पंधरा वचने. मोठ्याने वाचली तरी चार मिनिटे लागत नाहीत. वाचून झाले की वहीत तारीख घाला आणि पहिली ओळ लिहा, मनात येईल ती.